रिकामी खुर्ची आणि न्याय

मुलांनो, एखाद्या दिवशी तुमचे गणिताचे सर रजेवर असतात. तेव्हा मुख्याध्यापक काय करतात? ते दुसऱ्या सरांना तुमच्या वर्गावर पाठवतात. आता विचार करा, लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाचा सदस्यच गैरहजर असेल तर? एका उदाहरणावरून हे समजून घेऊ.

समजा, तुम्ही मालेगावात राहता. तुमच्या शेजारच्या खाला कपडे शिवून घर चालवतात. त्यांनी नवे शिलाई मशीन घेतले. ते आठ दिवसांतच बंद पडले. दुकानदार मशीन बदलून देईना आणि पैसेही परत करीना. मग खालांनी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. (उर्दूत ‘तकरार’ म्हणजे हुज्जत, पण मराठीत ‘तक्रार’ म्हणजे शिकायत, हे लक्षात ठेवा.)

आपल्या देशात ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला. २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. या कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगात एक अध्यक्ष आणि किमान दोन सदस्य असतात. तक्रारीची सुनावणी अध्यक्ष आणि किमान एक सदस्य यांनी एकत्र बसून करायची असते.

सुनावणीच्या दिवशी खाला एस.टी.ने नाशिकला गेल्या. जाताना सुमारे शंभर किलोमीटर, येतानाही तेवढेच. त्या दिवसाची शिलाई बुडाली. तेथे कळले, की एक सदस्य रजेवर आहेत. मग खालांची फेरी फुकट गेली का? नाही. अध्यक्ष आणि दुसरे सदस्य हजर असतील, तर काम चालते. एखाद्या सदस्याला सुनावणी पूर्ण करता आली नाही, तरी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जेथे थांबली, तेथून ती पुढे चालते.

पण अध्यक्षांचीच जागा रिकामी असेल तर? मग बाकीचे सदस्य हजर असूनही सुनावणी होऊ शकत नाही. खालांना तारखेमागून तारीख मिळत राहते. साध्या तक्रारीचा निकाल, दुसऱ्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत द्यावा, असे कायदा सांगतो. रिकाम्या खुर्चीमुळे ही मुदत कशी पाळली जाणार?

यासाठी कायद्यात दोन उपाय आहेत. राज्य सरकार अधिसूचना काढून दुसऱ्या जिल्ह्याच्या आयोगाकडे या जिल्ह्याचेही काम सोपवू शकते. किंवा दुसऱ्या आयोगाचे अध्यक्ष अथवा सदस्य यांना येथील कामही पाहण्यास सांगू शकते. अधिसूचना म्हणजे सरकारने जाहीर केलेला लेखी हुकूम.

तुम्ही विचाराल, ‘कचेरीतील एखाद्या जुन्या कारकुनाला बसवले तर चालणार नाही का?’ नाही. अध्यक्ष होण्यासाठी त्या व्यक्तीकडे नियमांत ठरवून दिलेली पात्रता असावी लागते. निकाल देणारी व्यक्ती त्या योग्यतेची असली पाहिजे. शिवाय तिला तसा लेखी अधिकार मिळालेला असला पाहिजे. नाहीतर तिच्या निकालावर लोक विश्वास कसा ठेवतील?

मात्र हा उपाय कायमचा नव्हे. बदली येणाऱ्या अध्यक्षांना स्वतःच्या जिल्ह्याचे कामही असते. दोन जिल्ह्यांच्या तक्रारी एकाच माणसावर आल्या, तर दोन्हीकडे उशीर होतो. देशातील अनेक ग्राहक आयोगांमध्ये जागा रिकाम्या असल्याची दखल २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि सरकारांना त्या भरण्यास सांगितले.

मुलांनो, बदली आलेले सर तुमचा एक तास सांभाळतात. पण वर्षभराचे गणित शिकवण्यासाठी गणिताचेच सर हवे असतात. आयोगाचेही तसेच आहे. बदली व्यक्तीमुळे काम थांबत नाही, हे खरे. पण खालांना वेळेवर न्याय मिळायचा असेल, तर रिकामी जागा लवकर भरलीच पाहिजे.