वाचले खरे, पण समजले काय?

इचलकरंजीतील एका मध्यमवर्गीय घरातील हा प्रसंग. घरातील वडीलधारे अण्णा आपल्या पुतण्याच्या यंत्रमागाच्या कर्जाला जामीन राहिले होते. पुतण्याचे हप्ते थकू लागले, तेव्हा आपल्याला जामीनकीतून मोकळे करावे, असा अर्ज अण्णांनी बँकेकडे केला. काही दिवसांनी त्याचे उत्तर आले. पत्र इंग्रजीत होते आणि अण्णांचे शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचे. त्यांनी नातवाला हाक मारली. नातू मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकणारा, आठवीत इंग्रजीत ७१ गुण मिळवलेला. त्याने उभ्या उभ्या, कोठेही न अडखळता, सारे पत्र खणखणीत आवाजात वाचून दाखवले. आजीला कौतुक वाटले. अण्णांनी विचारले, "बाळ, बँक काय म्हणते?"

नातू क्षणभर थांबला. मग म्हणाला, "अण्णा, तुमची विनंती विचारात घेतली आहे. थकलेले हप्तेही भरले गेले आहेत."

अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पत्र घडी करून कपाटात ठेवले. दहाबारा दिवसांनी त्यांची लेक माहेरी आली. तिने ते पत्र सहज वाचले आणि ती चमकली. पत्रातील मुख्य वाक्य असे होते : 'युअर रिक्वेस्ट कॅनॉट बी कन्सिडर्ड अनलेस द ओव्हरड्यू इन्स्टॉलमेंट्स आर पेड.' म्हणजे, थकलेले हप्ते भरल्याखेरीज आपल्या विनंतीचा विचार करता येणार नाही. त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत होती आणि तिचे तीनच दिवस उरले होते.

जामीनकी ही केवळ सहीपुरती गोष्ट नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पुतण्याला त्याच रात्री बोलावून घेण्यात आले, नातेवाइकांत रकमेची जुळवाजुळव झाली आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी हप्ते भरले गेले. संकट टळले. परंतु त्या घरात एक प्रश्न मागे राहिला. इंग्रजीत ७१ गुण मिळवणाऱ्या, न अडखळता वाचणाऱ्या मुलाला चार ओळींचे पत्र का समजले नाही?

उतारा सोडवणे आणि उतारा समजणे

नातू खोटे बोलला नव्हता, की त्याने हयगयही केली नव्हती. शाळेत जे शिकला तेच त्याने केले. 'रिक्वेस्ट', 'कन्सिडर्ड', 'इन्स्टॉलमेंट्स', 'पेड' हे चार ओळखीचे शब्द त्याने टिपले आणि त्यांच्यामधील रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या. 'कॅनॉट' आणि 'अनलेस' या ज्या दोन शब्दांवर साऱ्या वाक्याचा अर्थ उभा होता, ते मात्र त्याच्या नजरेतून निसटले.

दहावीच्या परीक्षेत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची इंग्रजीची लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची असते. तीत पाठ्यपुस्तकातील दोन उतारे आणि पुस्तकाबाहेरचा एक उतारा असतो; प्रत्येकी १० गुण. शिवाय पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याच्या सारांशाला ५ गुण. म्हणजे ८० पैकी ३५ गुण थेट आकलनावर अवलंबून असतात. प्रत्येक उताऱ्यावर पाच कृती असतात. पहिल्या दोन माहिती शोधण्याच्या, तिसरी शब्दसंपत्तीची, चौथी व्याकरणाची आणि पाचवी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मताची. रचना विचारपूर्वक केलेली आहे. दोष आहे तो तिच्या सरावाच्या पद्धतीत.

पुढील वाक्य पाहावे : 'कोलबट ठिपऱ्या भिंगुळ मांडरीत सपटला.' या वाक्याला काहीही अर्थ नाही. तरीही 'ठिपऱ्या कोठे सपटला?' असे विचारले, तर कोणीही 'भिंगुळ मांडरीत' असे अचूक उत्तर देईल. 'ठिपऱ्या कसा होता?' या प्रश्नालाही 'कोलबट' हे उत्तर तयार आहे. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण आणि आकलन शून्य! अनेक मुले इंग्रजी उतारा नेमका असाच सोडवतात. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधायचा, त्या शब्दाचे वाक्य उचलायचे आणि उत्तराच्या जागी ठेवायचे. पाठ्यपुस्तकातील उतारा असेल तर तेवढेही कष्ट नकोत, कारण उत्तरे गाईडमध्ये छापलेली असतात. स्वतःचे मत विचारणारी पाचवी कृतीसुद्धा पाठ करून लिहिली जाते!

येथे शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात वेळेत अभ्यासक्रम संपवायचा, तर ओळीने एकेका मुलाने परिच्छेद वाचायचा आणि शिक्षकांनी वाक्यावाक्याचा मराठी अर्थ सांगायचा, हीच रीत सोयीची ठरते. परंतु त्यात वाचतो विद्यार्थी आणि अर्थ लावतात शिक्षक. अर्थ लावण्याचे काम मुलाच्या वाट्याला येतच नाही. आणि जे काम कधी केले नाही, ते परीक्षेत किंवा व्यवहारात अचानक कसे जमावे?

बेरीज नव्हे, गुणाकार

१९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाचे एक सुटसुटीत सूत्र मांडले. अक्षरे वाचता येणे आणि भाषा समजणे या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचन-आकलन. हिशेबाची सवय असणाऱ्यांना या सूत्रातील मर्म लगेच ध्यानात येईल. ही बेरीज असती, तर एका बाजूची तूट दुसऱ्या बाजूने भरून निघाली असती. पण हा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी फलित शून्यच.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यामुळे अक्षरओळखीची बाजू पूर्वीपेक्षा लवकर सुरू होते. भाषेच्या समजेची बाजू मात्र अनेक घरांत कच्ची राहते. मुलाला इंग्रजी माध्यमात घातल्याने हा प्रश्न आपोआप सुटतो, असेही नाही. तेथे उच्चार अधिक सफाईदार होतात आणि त्या सफाईमुळे आतली पोकळी दिसेनाशी होते, इतकेच.

मुले नेमकी कोठे अडतात?

बहुतेक पालकांना वाटते की मुलांचा शब्दसंग्रह कमी पडतो. ते खरे आहे, परंतु पूर्ण खरे नाही. कठीण शब्दांपेक्षा सोपे दिसणारे शब्दच अधिक फसवतात.

पहिली अडचण जोडशब्दांची. 'अनलेस', 'ऑलदो', 'हाउएव्हर', 'इन्स्टेड ऑफ' यांसारखे शब्द वाक्याची दिशा बदलतात. रस्त्यावरच्या वळणाच्या पाटीसारखे त्यांचे काम असते. पाटी न पाहता सरळ गेलेला वाटसरू भलत्याच गावी पोहोचतो.

दुसरी अडचण वाक्यरचनेची. मराठीत आपण म्हणतो, 'ज्या माणसाने मला दुकान विकले, तो मिरजेत राहतो.' 'ज्या' आणि 'तो' हात धरून चालतात. इंग्रजीत हेच वाक्य 'द मॅन हू सोल्ड मी द शॉप लिव्हज इन मिरज' असे होते. येथे 'शॉप' आणि 'लिव्हज' हे शब्द शेजारी येतात आणि मिरजेत राहते ते दुकानच, असा मुलांचा समज होतो! 'कोण राहतो?' एवढे स्वतःला विचारण्याची सवय लागली, तर ही चूक होत नाही.

तिसरी अडचण सर्वनामांची. 'इट', 'दे', 'धिस' हे शब्द कोणासाठी आले, हे न पाहताच मुले पुढे जातात आणि दोन ओळींनंतर कोण कोणाविषयी बोलत आहे याचा पत्ता राहत नाही.

चौथी अडचण एका शब्दाच्या अनेक अर्थांची. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, तसेच व्याज. 'बॅलन्स' म्हणजे तोल, तशीच शिल्लक. 'प्रिन्सिपल' म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, आणि त्याच स्पेलिंगचा 'प्रिन्सिपल' म्हणजे कर्जाची मुद्दल. पहिला पाठ केलेला अर्थ सर्वत्र लावणारा विद्यार्थी कर्जाच्या पत्रात मुख्याध्यापकांना शोधत बसतो.

परंपरेतील जुनी वाट

१९८४ मध्ये ॲनमरी पॅलिन्सर आणि ॲन ब्राउन या अमेरिकन संशोधक महिलांनी सातवीतील काही मुलांबरोबर एक प्रयोग केला. ही मुले शब्द वाचू शकत, पण मजकूर त्यांना समजत नसे. त्यांना चार गोष्टी करायला शिकवण्यात आले : वाचलेल्याचा सारांश सांगणे, त्यावर प्रश्न तयार करणे, न समजलेले स्पष्ट करून घेणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे. प्रारंभी शिक्षक हे करून दाखवत; हळूहळू मुलेच आळीपाळीने शिक्षकाची जागा घेत. मुलांच्या आकलनात स्पष्ट सुधारणा दिसली.

आपल्या वाचकांना यात ओळखीचे काही आढळेल. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, शंका विचारणे, मनात घोळवणे, शुद्ध उच्चारांसह पाठ म्हणणे आणि इतरांना समजावून सांगणे. तेथील विषय अर्थातच निराळा आणि फार वरच्या पातळीचा आहे. परंतु वाचन केवळ वाचनेने पूर्ण होत नाही, ही जाण त्या क्रमात आहे. आज आपली मुले वाचना करतात आणि पाठांतर करतात. पृच्छना, अनुप्रेक्षा आणि दुसऱ्याला समजावणे या मधल्या आणि शेवटच्या पायऱ्या गळून गेल्या आहेत.

रोजची वीस मिनिटे

या गळालेल्या पायऱ्या घरी परत आणता येतात. त्यासाठी महागडा क्लास नको. रोज वीस मिनिटे आणि दहाबारा ओळींचा उतारा पुरेसा आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्या इयत्तेपेक्षा एखाद-दोन इयत्ता खालच्या पुस्तकाने आरंभ करावा. त्यात कमीपणा मानू नये.

प्रथम उतारा मनातल्या मनात, शब्दकोश न उघडता वाचावा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जावे. मग पुस्तक मिटून, काय वाचले ते दोन वाक्यांत मराठीत सांगावे. दुसऱ्या वाचनात जोडशब्दांभोवती वर्तुळ करावे आणि प्रत्येक सर्वनाम कोणासाठी आले ते ठरवावे. अडलेल्या शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून आधी स्वतः लावावा, मगच शब्दकोश पाहावा. तिसऱ्या वाचनानंतर विद्यार्थ्याने स्वतःच तीन प्रश्न तयार करावेत. त्यांतील एक तरी असा असावा, की ज्याचे उत्तर उताऱ्यातील वाक्य जसेच्या तसे उचलून देता येणार नाही. शेवटी दोन-तीन वाक्यांचा सारांश आपल्या शब्दांत इंग्रजीत लिहावा. चुका होतील. होऊ द्याव्यात.

आठवड्यातून एकदा पुस्तक बाजूला ठेवून घरातील कागद घ्यावा. औषधाच्या खोक्यावरील सूचना, प्रेशर कुकरची माहितीपत्रिका, विम्याचे पत्र, रेल्वेच्या तिकिटावरील नियम. येथे गुण नसतात, पण अर्थ चुकला तर त्याची किंमत कळते.

ज्या आईला इंग्रजी येत नाही, तिला या कामी सर्वांत मोठे स्थान आहे. तिने फक्त विचारायचे, "काय वाचलेस, मला सांग." आणि पुढे, "असे का?" "हे कोणी केले?" "मग पुढे काय झाले?" जिला उत्तर आधीच ठाऊक आहे, तिला मूल अर्धवट सांगून मोकळे होते. जिला खरोखर ठाऊक नाही, तिला समजेल असे सांगताना मुलाला आधी स्वतःला समजून घ्यावेच लागते. पालकाचे अज्ञान असे क्वचितच कोठे उपयोगी पडत असेल!

यातून गुण लगेच वाढतील, असे आश्वासन देता येत नाही. पहिले काही आठवडे मूल पूर्वीपेक्षा सावकाश वाचेल आणि पालकांना ती पीछेहाट वाटेल. परंतु अडखळणे हे समजून घेण्याचे लक्षण असते. ज्याला कोठेच शंका येत नाही, त्याच्याविषयीच काळजी करावी.

इचलकरंजीच्या त्या घरात आता रात्रीच्या अभ्यासानंतर असे वाचन होते. नातू सांगतो, आजी प्रश्न विचारते. परवा बँकेचे आणखी एक पत्र आले. अण्णांनी ते नातवाच्या हाती दिले आणि सवयीने म्हणाले, "वाच बघू मोठ्याने."

नातू पत्र घेऊन खाली बसला. पेन्सिल हातात घेत म्हणाला, "अण्णा, जरा थांबा. आधी मनात वाचतो. मग सांगतो."