सांडलेल्या पेन्सिली

व्हिडिओ गेम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. मुलं तासन् तास गोळ्या झाडतात आणि घरातली मोठी माणसं कपाळाला हात लावतात. पण जीव वाचवायला लावणारेही खेळ आहेत. ते खेळून माणूस खरोखर मदतीला धावतो का?

‘लेमिंग्ज’ हा १९९१ सालचा खेळ घ्या. चिमुकले जीव रांगेनं चालत राहतात. पुढं कडा आहे की पाणी, त्यांना कळत नाही. खेळणाऱ्यानं कुणाला छत्री द्यायची, कुणाला पूल बांधायला लावायचं आणि त्यांना सुखरूप घरी पोचवायचं. ग्राइटेमायर आणि ओसवाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना हा खेळ दिला, काहींना ठोकळे रचण्याचा ‘टेट्रिस’. नंतर प्रयोग घेणाऱ्याच्या हातून मुद्दामच पेन्सिली सांडल्या. ‘लेमिंग्ज’ खेळलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश त्या उचलायला वाकले. ‘टेट्रिस’ खेळलेल्यांपैकी एक तृतीयांश. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

२०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग आला. काहींना आभासी शहरावरून सुपरमॅनसारखं उडवलं, काहींना हेलिकॉप्टरमधून फिरवलं. मग पेनं सांडली. स्वतः उडालेले लवकर मदतीला आले. हेलिकॉप्टरवाल्यांपैकी काही जागचे हललेच नाहीत. अंगात बळ आहे असं वाटलं, की ते कुणाच्या तरी कामी आणावंसंही वाटतं, असा याचा एक अर्थ.

मात्र त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना अशाच पेनांच्या प्रयोगात खेळाखेळांत फरक आढळला नाही. तेव्हा खेळ म्हणजे दयेचं औषध नव्हे. फार तर ती तालीम.

शिवाय पेन्सिल उचलायला काही मोल पडत नाही. खेळात चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. दंग्याच्या रात्री परक्या धर्माच्या शेजाऱ्यासाठी जो दार उघडतो, त्याला ती सोय नसते. तो हात एका रात्रीत तयार होत नाही. लहानसहान मदतीची सवय त्याला आधीपासून लागलेली असते.

म्हणून मुलाच्या हातातला मोबाइल हिसकावण्याआधी त्याच्याजवळ बसा. ‘किती मारलेस?’ असं नको, ‘आज कुणाला वाचवलंस?’ असं विचारा. आणि उत्तर ऐकून झालं, की जिन्यात पिशवी घेऊन दमलेल्या शेजारच्या आजींकडं त्याला पाठवा.