अर्धा किलोचा हिशेब

पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात ‘लाइव्ह केक’ची दुकानं आता गल्लोगल्ली दिसतात. काचेपलीकडे स्पंज तयार असतो. गिऱ्हाइकाने चव सांगायची, नाव सांगायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत डबा घेऊन निघायचं. काचेमागच्या मुलाला किंवा मुलीला दुकानात ‘हेल्पर’ म्हणतात. हेल्परवर ‘मास्टर’ असतो. हेल्पर क्रीम फेटतो, डबे घडी घालून ठेवतो, भांडी विसळतो आणि डोळ्यांनी शिकतो. मग एक दिवस मास्टर गावी जातो, संध्याकाळी सातची गर्दी होते आणि हेल्परच्या हातात पॅलेट नाइफ येते. आपल्याकडचं आयसिंगचं बरंचसं प्रशिक्षण हे एवढंच.

या मुलांसाठी रीतसर वर्ग काढायचा तर तो कसा असावा आणि त्याची फी किती असावी, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. कारण आपल्यासमोर नमुना असतो तो हौशी क्लासचा. ‘एका दिवसात पाच केक’ अशी जाहिरात, ताई करून दाखवणार, बाकीच्या मोबाइलवर टिपणार, शेवटी प्रत्येकीच्या हातात एक केक आणि एक फोटो. हौसेसाठी हे उत्तमच. दुकानात काम करणाऱ्याला मात्र पाच तऱ्हेचे केक बघून काहीच मिळत नाही. त्याला एकच केक पाच वेळा करायला मिळाला पाहिजे.

गंमत म्हणजे या शिक्षणाचं मूळ हौशी नव्हतंच. शिकागोत १९२९ साली मॅकिनली विल्टन यांनी सजावटीचे वर्ग सुरू केले, ते घरच्या जेवणाच्या खोलीत आणि पाककामावर पोट असलेल्यांसाठी. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचं ‘१एम’ नोझल आज पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानातही याच नावाने मागतात. आपल्याकडे मुंबईची केटरिंग संस्था १९५४ साली निघाली, ती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने. आयटीआयमध्ये ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा वर्षभराचा ट्रेडही आहे. पण तिथे पाव, बिस्किटं, खारी, पेस्ट्री असं सगळं शिकायचं असतं, आयसिंग हा त्यातला एक तुकडा. शिवाय जो मुलगा आधीच महिन्याच्या पगारावर लागला आहे, तो वर्षभर बाकावर बसायला येणार नाही. त्याला चार सकाळी मिळतील, त्यासुद्धा मालक मोठ्या मनाचा असेल तर.

म्हणून चार सकाळीच धरू. दहा ते एक, मंगळवार ते शुक्रवार. संध्याकाळ दुकानाची, शनिवार-रविवार वाढदिवसांचे, आणि नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांत असा वर्ग काढणाऱ्याने केकचा धंदा पाहिलेलाच नसतो. मुलं सहा, जास्त नकोत. आयसिंग शिकवणं म्हणजे मनगटाकडे बघणं, आणि एका माणसाला सहापेक्षा जास्त मनगटं धड दिसत नाहीत.

पहिल्या सकाळी केक टेबलावर येतच नाही. वनस्पती तूप आणि पिठीसाखर फेटून सरावाची क्रीम करायची, ती पिशवीत भरायची आणि स्टीलच्या पालथ्या ताटावर काढायची. ताट भरलं की खरवडून पुन्हा पिशवीत. केटरिंग कॉलेजात याच कामासाठी उकडलेला कुस्करलेला बटाटाही वापरतात. पिशवी अर्धीच भरायची. गच्च भरली तर तळव्याच्या उबेने क्रीम पातळ होते आणि वरच्या तोंडातून बाहेर येते. दाब उजव्या हाताचा, डावा हात नुसता दिशा देणारा. ताऱ्याला पिशवी उभी, शिंपल्याच्या किनारीला पंचेचाळीस अंशांत आडवी. नवख्याचा प्रत्येक तारा शेपटीचा निघतो, कारण तो दाबता दाबताच हात उचलतो. दाब थांबवायचा आणि मग उचलायचं, एवढंसं वाक्य हातात उतरायला दोन तास लागतात. मेंदीचा कोन चालवलेल्या मुली इथे सगळ्यांच्या पुढे असतात. त्यांना दाब सोडण्याची वेळ आधीच ठाऊक असते.

शिंपल्याची किनार जुनाट म्हणून गाळू नये. जोसेफ लॅम्बेथ नावाच्या कारागिराने १९३४ साली याच किनारींवर आणि झालरींवर पुस्तक लिहिलं, आणि आज ‘व्हिंटेज’ म्हणून बदामाच्या आकाराचे जे केक चढ्या भावाने विकले जातात ते त्याच वळणाचे आहेत. नव्या मुलाला ही किनार नीट आली तर दुकानाच्या दरपत्रकात एक महागडी ओळ वाढते.

दुसरी सकाळ थर्माकोलच्या डमीवर. आता खरी व्हिपिंग क्रीम येते. दुधाशिवायची ही क्रीम १९४५ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून केली, आणि आपल्याकडच्या उकाड्यात बहुतेक केक तिच्या वंशजांवरच उभे आहेत. गोठलेला खोका आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली काढायचा, थोडे बर्फाचे कण असतानाच फेटायला घ्यायचा. फुगून ती तिप्पट-चौपट होते. जास्त फेटली किंवा सुरीने उगाच घोटत बसलं की जाळी पडते आणि गुळगुळीतपणा जातो. टर्नटेबल फिरवायचं आणि स्क्रॅपर स्थिर धरायचा. मुलं नेमकं उलट करतात, टेबल थांबवून हात फिरवतात. एप्रिलमध्ये एसीशिवाय हा वर्ग घ्यायचा विचार सोडून द्यावा. खर्चात एसीच्या खोलीचं भाडं दिसलं की मालक लोक नाक मुरडतात, पण घसरलेली क्रीम फेकायची तर ते भाडं त्याहून स्वस्त पडतं.

तिसऱ्या दिवशी खरा स्पंज: तीन थर, साखरपाणी, मधली क्रीम, चुरा धरून ठेवणारा पहिला पातळ हात, फ्रीज, मग दुसरा हात. यात सांगण्यासारखं फार नाही, करण्यासारखं आहे.

चौथा दिवस मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि हौशी क्लासमध्ये नेमका तोच नसतो. त्या दिवशी नाव लिहायचं. बटर पेपरचा कोन, त्यात वितळलेलं चॉकलेट, आणि समोर सहा इंचांची गोल जागा. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ तिच्यात कशी बसवायची? इंग्रजीतलं ‘हॅपी बर्थडे’ कसंही मावतं. मराठीला वर मात्रा लागतात, खाली उकार लागतात, आणि ‘र्दि’ला वेलांटी आणि रफार या दोन्हींसाठी वर जागा लागते. दुकानातल्या पुष्कळ मुलांची मातृभाषा मराठी नसते, हेही ध्यानात घ्यावं. इथे एक युक्ती कामी येते. वहीत आपण अक्षरं लिहून मग रेघ ओढतो, केकवर आधी रेघा ओढायच्या आणि अक्षरं त्यांना टांगायची. ओळ वाकडी जात नाही आणि जागा किती उरली ते आधीच कळतं. नावाचं स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला दाखवून घ्यायचं, हासुद्धा धडाच. ‘अथर्व’ इंग्रजीत शेवटच्या ‘ए’सकट की त्याशिवाय, हे त्याच्या आईलाच माहीत. एक अक्षर चुकलं तर वरचा सगळा थर खरवडावा लागतो.

आणि त्याच दिवशी टेबलावर वजनकाटा ठेवायचा. अर्धा किलोचा केक नवख्या हाताने सहज सहाशेच्या पुढे जातो, कारण क्रीम गुळगुळीत होईना की तो आणखी क्रीम लावतो. याचा हिशेब फीच्या प्रश्नाला जाऊन भिडतो, म्हणून आधी फी.

आकडे समजा म्हणून घेऊ, जो तो आपल्या गावचे घालेल. एसीसह जागा दिवसाला १,००० म्हणजे ४,०००. शिकवणारीचे तास बारा नव्हेत, वीस: रोज एक तास आधीची तयारी आणि एक तास नंतरची आवरासावर. तासाला ३०० धरले तर ६,०००. बहुतेक शिकवणाऱ्या बायका हे आठ तास मोजतच नाहीत, आणि मग ‘क्लास चांगला चालतो पण हातात काही उरत नाही’ म्हणतात. मदतनीस २,०००. टर्नटेबल, सुऱ्या, नोझल यांचे सहा संच ९,००० चे, दहा तुकड्या टिकतील असं धरून वाट्याला ९००. झाले १२,९००. मुलं कितीही येवोत, हे लागणारच.

मग डोईचा खर्च. सरावाची क्रीम १५०, व्हिपिंग क्रीमचा एक किलोचा खोका २५०, दोन स्पंज १६०, आणि बेस, डबे, पिशव्या, रंग, चॉकलेट मिळून १४०. म्हणजे ७००. सहांचे ४,२००. एकूण १७,१००, डोई २,८५०.

इथेच थांबून २,८५० फी लावणं ही सर्रास होणारी गफलत. सहापैकी एकाला मालक ऐन वेळी सोडत नाही, असं घडतंच. पाच जण आले तर जमा १४,२५०, खर्च १६,४००, आणि तूट २,१५० ची. ती निघते शिकवणारीच्या मेहनतान्यातून. म्हणून भागाकार सहाने न करता पाचाने करावा: ३,२८०. थोडं सावरून ३,५०० ठेवली तर पाचांत १,१०० उरतात, सहांत ३,९००. चारच आले तर १,७०० खिशातून जातात, तेव्हा चारांवर तुकडी पुढे ढकलावी. पैसे निम्मे आगाऊ घ्यावेत आणि गैरहजेरीला परतावा नाही, पण बदली माणूस चालेल, असं कागदावर लिहून द्यावं. दुकानात मुलं वरचेवर बदलतात, बदलीची सोय मालकालाही पटते.

मात्र हे ३,५०० मुलाकडून घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याच्या पगारातून ही रक्कम काढणं त्याला जड आहे, आणि शिकलेल्याचा पहिला फायदा त्याला होतही नाही. आता काट्याकडे वळू. अर्ध्या किलोच्या केकमध्ये १२० ग्रॅम क्रीम जास्त गेली आणि दिवसाला असे दहा केक झाले, तर १.२ किलो क्रीम फुकट वाटली. वरच्याच भावाने ३०० रुपये. म्हणजे मुलाचा हात काट्यावर आला की फी बारा दिवसांत वसूल. हे गणित मालकाला त्याच्याच काउंटरवर, त्याच्याच हेल्परने केलेला केक काट्यावर ठेवून दाखवावं. सवलत मागितलीच तर तीन मुलं एकदम पाठवणाऱ्याला द्यावी, पण ती क्रीममध्ये काटकसर करून नको. डोई एक किलोऐवजी अर्धा किलो क्रीम दिली की दुसऱ्या सकाळी मुलं हात राखून काम करतात, आणि तिथेच वर्ग बसतो.

जो मुलगा दुकानाविना, स्वतःहून येतो, त्याचं वेगळं. त्याच्याकडून सामानाचे ७०० घ्यावेत आणि बाकीचे नोकरी लागल्यावर दोन हप्त्यांत. तुकडीत असा एकच घ्यावा, दोन परवडत नाहीत.

फॉन्डंट, म्हणजे केकवर लाटून चढवायचं साखरेचं आवरण, या वर्गात बसवू नये. पावसाळ्यात मुंबई-कोकणात त्याला पाणी सुटतं, सामान महाग आणि रोजच्या गिऱ्हाइकात मागणी कमी. त्याचा वेगळा वर्ग दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर लावावा, वेगळ्या फीने. त्यात पहिल्या वर्गातून वजनात केक काढायला शिकलेल्यांनाच घ्यावं.