दुसऱ्याचे जंतू, आपलं पोट

बुऱ्हाणपुरात पोटाच्या जुन्या दुखण्यानं गांजलेल्या माणसाची फाइल जाडजूड असते. आधी गावातला दवाखाना, मग जळगाव नाहीतर इंदूर. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं नॉर्मल. तरी जेवण झालं की मुरडा येतो, गॅस धरतो, सकाळी तीनदा जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. अशा माणसाला हल्ली मोबाइलवर नवी आशा दिसते: निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू आतड्यात सोडले की दुखणं कायमचं जातं.

ऐकून किळस आली तरी हे थोतांड नव्हे. डेन्व्हरचे सर्जन बेन आइसमन यांनी १९५८ मध्येच चार अत्यवस्थ रुग्णांवर विष्ठेच्या एनिम्याचा प्रयोग नोंदवला. २०१३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १६ रुग्णांना हे जंतू दिले. १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. मात्र ॲमस्टरडॅमच्या या रुग्णांना आयबीएस नव्हताच. अँटिबायोटिकनं आतड्यातली वस्ती उजाड झाली की फोफावणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा तो पुन्हा पुन्हा उलटणारा संसर्ग होता.

गफलत इथेच होते. आयबीएसमध्ये हाकलून लावावा असा एकच जंतू नसतो. आतड्याची हालचाल, तिथल्या नसांचा हळवेपणा, मेंदूशी चाललेली देवाणघेवाण, कधी जुलाबाच्या जुन्या संसर्गाचा माग, असं बरंच काही त्यात गुंतलेलं असतं.

‘चांगले जंतू रुजले की त्रास जाणारच’ हा समज डेन्मार्कमध्ये तपासला गेला. आयबीएसच्या ५२ रुग्णांपैकी काहींना १२ दिवस रोज जंतूंच्या २५ कॅप्सूल, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या नकली. २०१८ मध्ये निकाल आला. जंतू खरोखर बदलले, विविधताही वाढली. पण तीन महिन्यांनी जास्त आराम पडला होता तो नकली कॅप्सूलवाल्यांना! नॉर्वेत २०२० मध्ये नेमकं उलट घडलं. तिथं एकाच निवडक दात्याचे जंतू दुर्बिणीतून लहान आतड्यात सोडले. मोठा डोस घेतलेल्यांपैकी ८९ टक्क्यांना फरक पडला, नकली उपचारावर २४ टक्क्यांना. दाता कोण, मात्रा किती, कुठून सोडायचं, यावर सगळं फिरतं असं दिसतं. म्हणूनच अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये सुचवलं की आयबीएससाठी हा उपचार संशोधनाबाहेर करू नये. लुधियानात आणि दिल्लीच्या एम्समध्ये यावर काम झालंय, पण ते अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी. हा आजार वेगळा. त्यात आतड्याला जखमा होतात.

‘घरचाच धडधाकट माणूस दाता, मग भीती कसली?’ धडधाकट दिसणाऱ्याच्या पोटातही औषधांना न जुमानणारे जंतू असू शकतात. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून असा ई. कोलाय दोन रुग्णांत गेला. दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी होती, एक दगावला. घरी मिक्सर लावून एनिमा घेण्याचे सल्ले देणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

संशोधनातून काही नक्की ठरेपर्यंत आपल्याच मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे पिकणारा इसबगोल हाताशी आहे. आयबीएसमध्ये तो घ्यावा, असं अमेरिकी तज्ज्ञही सांगतात. कांदा, लसूण, गहू काही आठवडे कमी करून एकेक परत सुरू करत पाहता येतं, शक्यतो आहारतज्ज्ञाला विचारून. मात्र शौचातून रक्त जाणं, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर आयबीएस म्हणून गप्प न बसता पुन्हा तपासणी करून घ्यावी.