नेपाळला ग्रुप नेताय? मग अ‍ॅडव्हान्सच्या आधी मतदान कार्ड बघा

मागच्या व्हिडिओत यात्रा व्यवसायाचा हिशोब सांगितला, पण सगळ्यात महागात पडणारी गोष्ट त्यात राहून गेली. कागदपत्रं.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातून नेपाळला दोन प्रकारचे ग्रुप जातात. एक काशी-अयोध्या करून पशुपतिनाथाला जाणारा. औंढा नागनाथ घरचाच, पण पशुपतिनाथ एकदा बघायचाय म्हणणारी मंडळी गावोगाव आहेत. दुसरा बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून लुंबिनीला जाणाऱ्या बौद्ध बांधवांचा. लुंबिनी नेपाळात आहे, हे काहींच्या निघायच्या वेळी लक्षात येतं! दोघांनाही सोयीची बॉर्डर म्हणजे गोरखपूरच्या पुढची सुनौली.

व्हिसा लागत नाही, हे खरं. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून ही मोकळीक आहे. पण व्हिसा नाही म्हणजे कागदच नाही, असं नसतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड पाहिजे, तेही ओरिजिनल. आधार फक्त १५ च्या खालच्यांना आणि ६५ च्या वरच्यांना चालतं.

मी काय केलं होतं, ते ऐका. पहिल्या ग्रुपला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "ओळखपत्र सोबत ठेवा." बस, एवढंच. आता आपल्याकडे ओळखपत्र म्हटलं की माणूस आधारच काढतो. सुनौलीला ५२ वर्षांच्या एका मावशींना थांबवलं. मतदान कार्ड कुठंय? घरी, कपाटात. बाकीची मंडळी गाडीत बसलेली आणि मी मावशींसोबत खाली उभा. शेवटी ग्रुप एका गुरुजींच्या भरवशावर पुढे पाठवला आणि मावशींना घेऊन गोरखपूरला परत आलो. लॉजचा, जेवणाचा, परतीच्या तिकिटाचा खर्च माझ्या खिशातून, म्हणजे त्या ट्रिपचा नफा तिथंच संपला. त्याहून वाईट म्हणजे मावशींनी भिशीत दोन वर्षं पैसे साठवले होते. अधिकाऱ्याने नियम पाळला, चूक माझ्या मेसेजची होती.

मावशी एकट्या होत्या. कुटुंब सोबत असतं तर सवलत आहे: घरातल्या एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदान कार्ड असलं, तर बाकीच्यांना फोटोचं दुसरं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद चालतो. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

सगळ्यात जास्त घोळ बायकांच्या कार्डात असतो. कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. किंवा लग्नानंतर यादीत नाव घातलंच नाही. दुरुस्ती, पत्ता बदल, हरवलेलं कार्ड, सगळ्याला फॉर्म ८. नवीन नावासाठी फॉर्म ६. ऑनलाइन भरा नाहीतर गावच्या बीएलओला भेटा, पण निघायच्या दोन-तीन महिने आधी. तुमचं झेरॉक्सचं किंवा ऑनलाइन फॉर्मचं दुकान असेल, तर ही सेवाच पॅकेजमध्ये घाला. लोक आनंदाने पैसे देतात.

गाडी इथूनच न्यायची असेल तर बॉर्डरवर भन्सार, म्हणजे नेपाळची कस्टम, भरावी लागते. जितके दिवस तितकी फी, शिवाय गाडीचा परवाना वेगळा. नवीन असाल तर या भानगडीत पडू नका. रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सुनौली, पायी बॉर्डर ओलांडून पलीकडे भैरहवाला नेपाळी बस, हे सोपं पडतं.

पैशांचं म्हणाल तर शंभरच्या नोटा जास्त ठेवा. मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०. मार्च २०२४ पासून तिथल्या बऱ्याच दुकानांत यूपीआय चालतं, पण म्हाताऱ्या माणसांच्या हातात रोख असलेलीच बरी. आणि हो, पॅकेज विकताना ते परदेशी टूर धरलं जातं, टीसीएसचं सीएला आधी विचारून घ्या.

आता माझ्या बुकिंग फॉर्मवर पहिला रकाना मतदान कार्डाच्या फोटोचा आहे, अ‍ॅडव्हान्स त्यानंतर. मावशींचं नाव पुढच्या ग्रुपमध्ये आहे. त्यांच्याकडून मी पैसे घेतलेले नाहीत.