सारखी लघवी आणि विळ्यासारख्या पेशी

नागपूरची धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येथे येतात, आणि विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा. सांधे दुखणे, रक्त कमी होणे ही या रोगाची लक्षणे आपल्या ओळखीची आहेत. पण तो मूत्रपिंडालाही पोखरतो, आणि त्याची एक खूण वर्गातच दिसते. मूल वारंवार लघवीला जाऊ द्या म्हणते, आणि आपण त्याला कामचुकार ठरवून मोकळे होतो.

दोष एका अक्षराचा आहे. ११व्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते आणि प्रथिनात सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडताच एकमेकांना चिकटते, त्याचे लांब धागे बनतात आणि लवचीक रक्तपेशी विळ्यासारखी ताठ होते. या हिमोग्लोबिनचा विद्युतभार वेगळा असतो, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले होते.

पण मूत्रपिंडच का? त्याच्या आतल्या गाभ्यात प्राणवायू कमी, आम्लता जास्त आणि क्षार अतिशय दाट असतात. लोणच्यातल्या कैरीच्या फोडीसारखे पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते व हिमोग्लोबिन आणखी दाटते. रक्तही तेथून संथ वाहते. पेशी वाकायला जे जे लागते ते सारे येथे एकत्र आहे! बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि लघवीतले पाणी परत खेचण्याची शक्ती जाते. निरोगी मूत्रपिंड लघवी रक्ताच्या सुमारे चौपट दाट करू शकते. रुग्णाचे दीडपटीच्या आसपासच अडते. म्हणून सारखी लघवी, रात्री अंथरूण ओले होणे. पाणी कमी पडले की रक्त दाटते, आणखी पेशी वाकतात, वेदना उसळतात. नागपूरच्या एप्रिलमध्ये अशा मुलाची पाण्याची बाटली आणि लघवीची परवानगी, दोन्ही औषधाइतकीच महत्त्वाची.

बाहेरच्या भागातील गाळण्या मात्र सुरुवातीला जास्तच काम करतात. त्यामुळे रक्तातील क्रिॲटिनिन चांगले दिसते आणि सारे निश्चिंत होतात. पुढे गाळणी सैल पडून लघवीतून अल्ब्युमिन गळू लागते; ती तपासणी वेळोवेळी हवी. दुखण्यावर दुकानातून परस्पर आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात.

जनुकाची एकच सदोष प्रत असलेला 'एएस' वाहक सहसा ठणठणीत असतो. तरी त्याच्याही लघवीचा दाटपणा थोडा कमी असू शकतो, क्वचित लघवीतून रक्त जाते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते. वर्गात दोन नाणी एकदम उडवून हे दाखवता येते. दोन्ही छापे पडले की 'एसएस'. आधीच्या तीन वेळा काय पडले, हे नाण्यांना ठाऊक नसते.