भंगारातल्या इंजिनाची घरची गाडी : इंजिन सुरू होईल, पण पुढं काय?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात? डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या किकवर सुरू होणाऱ्या छोट्या जीपचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला होता. दुचाकीचे इंजिन, भंगारातले सुटे भाग, खर्च साधारण ६० हजार. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. पण त्याच वेळी महिंद्रांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. व्हिडिओ पाहणाऱ्यांच्या लक्षात बोलेरो राहिली, हे वाक्य राहिले नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीतही वेल्डिंग येणारी, ट्रॅक्टर खोलून पुन्हा बांधणारी पोरं कमी नाहीत. घरी गाडी बांधायची म्हटलं की आधी आठवते ते जुन्या मारुती ८०० चे इंजिन. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, साधारण ३७ हॉर्सपॉवर. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले.

असे इंजिन घेण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. कॉइलची वायर काढायची, तिन्ही प्लग काढायचे, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि एकेका सिलिंडरचा आकडा गेजवर बघायचा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंग-बोअर झिजले आहेत. नाही चढला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधा. खोलून खर्च करण्याआधी एवढे कळले तरी पैसे वाचतात.

बोअर मारला की इंजिनात ताकद येते, असे अनेक जण सांगतात. हिशोब करून बघू. या इंजिनाचा बोअर ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७२. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून ६९ केला, तर ७९६ सीसीचे सुमारे ८०८ सीसी होतात. म्हणजे वाढ दीड टक्का, गाडी चालवताना जाणवणारही नाही. बोअर मारणे ही दुरुस्ती आहे. झिजून अंडाकृती झालेला सिलिंडर त्यातून पुन्हा गोल होतो, एवढंच. मात्र त्याच मापाचे ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंग टाकल्याच पाहिजेत. हेड उतरवलेच आहे तर ते सपाट आहे का, हेही लेथवाल्याकडून तपासून घ्या, कारण एकदा तापून वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केटही टिकत नाही. टायमिंग बेल्ट जुनाच ठेवू नका.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा खरी परीक्षा रेडिएटरची असते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट वॉल काढून टाकायची सवय आहे. त्याने रेडिएटरचा कचरा निघत नाही, उलट थंडीत इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. इंजिन मागे बसवले तर पाण्याचे पाईप लांबतात आणि त्यात हवा अडकते. ती पूर्ण काढली नाही तर रेडिएटर भरलेला दिसूनही हेड तापू शकते. आणि हो, गिअरबॉक्ससकट इंजिन उलटे फिरवून बसवले तर चार गिअर मागे जाण्याचे आणि एक पुढे जाण्याचा होतो!

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीची ऑगस्ट २०२१ ची घटना विसरण्यासारखी नाही. एका तरुणाने घरी बांधलेल्या हेलिकॉप्टरला मारुती ८०० चेच इंजिन होते. चाचणी घेताना पंखा तुटून डोक्याला लागला आणि त्याचा जीव गेला. तुटला तो पंखा, इंजिन नव्हे. गाडीतही तसेच असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. त्यामुळे हाती पैसे थोडे असतील तर ते आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि चेसिसच्या वेल्डिंगवर घाला, इंजिनची ताकद वाढवण्यावर नको.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी चालवता येत नाही. त्यात सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणतीही जागा’ असेही शब्द आहेत, म्हणून ‘माझ्याच शेतात फिरवतो’ हा बचाव वाटतो तेवढा सोपा नाही. नोंदणी असलेल्या गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. जुगाड गाडीलाही हा कायदा लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले. नोंदणी नसेल तर विमा नाही, आणि विमा नसताना कुणाला धडक बसली तर भरपाई मालकाच्या घरातून जाते. त्यात शेत विकायची वेळ येऊ शकते.

म्हणून इंजिन भंगारातून उचलताना पावती घ्या आणि इंजिन नंबर जुन्या आरसीशी जुळवा. नंबर घासलेला असेल तर ते इंजिन घेऊच नका, चोरीचे निघू शकते. जुनी गाडी तुमच्याच नावावर असेल आणि ती मोडीत काढली असेल, तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करावी लागते. चंद्रपूरकरांसाठी ते एमएच-३४ चे कार्यालय, गडचिरोलीकरांसाठी एमएच-३३ चे. गाडी बांधायला घेण्याआधी त्याच फेरीत नोंदणीबद्दल विचारून या.